टॉक्सो पॉझिटिव्ह आलंय? एचआयव्ही असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी नेमकं काय करायचं

लॅबमधून रिपोर्ट येतो, त्यावर ‘टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह’ (म्हणजे या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीज रक्तात सापडल्या) असं ठळक छापलेलं असतं आणि घरात रडारड सुरू होते. कुणी मांजर लांब सोडून येतं, कुणी इंटरनेटवर मेंदूतल्या गाठींचे फोटो बघत रात्रभर जागतं. आणि दुसरीकडे ज्याचा सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, एचआयव्हीत तो घटतो) खरोखरच ६० पर्यंत घसरलाय तो माणूस रोजची बचावाची पांढरी गोळी ‘मळमळतं’ म्हणून परस्पर बंद करून बसलेला असतो. घाबरायचं कारण नसलेला घाबरतो आणि ज्याने जपायला हवं तो निर्धास्त असतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट पक्की धरा, मग पुढचं सगळं सोपं जातं. जंतू तोच असतो, रिपोर्टही तोच असतो, पण त्याचा अर्थ तो कुणाच्या शरीरात आहे यावर ठरतो. खाली औषधांची नावं आणि काही डोस दिलेत ते डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून, दुकानातून आणून स्वतःच सुरू करायला नाही.

आधी हा जंतू काय आहे ते

टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी. १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये निकोल आणि मांसो या दोघांना तो एका उंदरासारख्या प्राण्यात सापडला, पण मांजराचा यात काय वाटा आहे हे कळायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडला. मांजर आणि त्याच्या जातकुळीतल्या प्राण्यांच्या आतड्यातच याचं पुनरुत्पादन पूर्ण होतं आणि विष्ठेतून अंडीवजा कण बाहेर पडतात. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडेच हे कण पडतात, नंतर सहसा नाही. आणि बाहेर पडल्या पडल्या ते लागण करू शकत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ही एवढी माहिती डोक्यात ठेवा, मांजराबाबतचे सगळे नियम यातूनच निघतात.

माणसाला लागण होते ती मुख्यतः तोंडावाटे, म्हणजे माती लागलेल्या न धुतलेल्या भाज्या, दूषित पाणी, मातीचे हात, आणि कच्चं किंवा अर्धकच्चं मटण. बकरी, मेंढी, डुक्कर यांच्या स्नायूंत या जंतूच्या बारीक पुटकुळ्या असू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत. याशिवाय गरोदर आईकडून बाळाला, आणि क्वचित अवयव प्रत्यारोपणातून किंवा रक्तातून. माणसाकडून माणसाला शिवल्याने, एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, शरीरसंबंधाने हा पसरत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण एचआयव्ही असलेल्या माणसाला ‘टॉक्सो’ झाला म्हटल्यावर त्याचं ताट वेगळं करणारी घरं अजून आहेत. तसं काही करायचं नाही.

एकदा लागण झाली की शरीर जंतूला आवरतं पण पूर्ण मारू शकत नाही. तो मेंदूत, डोळ्यात, स्नायूंत पुटकुळ्या करून झोपून राहतो, जन्मभर. प्रतिकारशक्ती ठीक असेल तर तो उठत नाही. भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये साधारण २० ते २५ टक्के लोकांच्या रक्तात जुन्या लागणीची खूण सापडलीय, म्हणजे दर चार-पाच माणसांत एक, आणि त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो.

पायरी १: रिपोर्ट नीट वाचा

आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम (लागणीनंतर सहसा आधी येणाऱ्या अँटीबॉडीज) निगेटिव्ह असेल तर लागण कधीतरी जुनी आहे. निरोगी माणसाने हा रिपोर्ट फाईलला लावायचा आणि कामाला लागायचं, उपचार नाही, परत टेस्ट नाही.

दोन्ही निगेटिव्ह असतील तर आजवर लागण झालेली नाही. ऐकायला छान वाटतं, पण गरोदर बाई असेल किंवा सीडी४ कमी असेल तर हिनेच किंवा यानेच जास्त सांभाळायचं, कारण नवी लागण होऊ शकते.

आयजीएम पॉझिटिव्ह आलं की खरी गडबड उडते. लोकांना वाटतं, आणि खेदाने सांगावं लागतं की काही डॉक्टरही तसंच सांगतात, की आयजीएम म्हणजे ताजी लागण. तसं दरवेळी नसतं. आयजीएम काही जणांत वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ रेंगाळतं, शिवाय खोटं पॉझिटिव्हही येतं. अशावेळी चांगल्या लॅबमधून परत तपासणी आणि सोबत ‘आयजीजी ॲव्हिडिटी’ ही टेस्ट (अँटीबॉडी जंतूला किती घट्ट चिकटते ते बघणारी) मागायची. ॲव्हिडिटी हाय आली तर मागच्या सुमारे चार महिन्यांत लागण झालेली नाही असं समजतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हा एक रिपोर्ट सगळी काळजी मिटवू शकतो. लो आली तर मात्र ‘ताजीच आहे’ असं सिद्ध होत नाही, ती बरेच महिने लो राहू शकते.

इथे टॉर्च टेस्टबद्दल (टॉक्सो, रुबेला, हर्पिस अशा जंतूंची एकत्र रक्ततपासणी) बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्याकडे दोनदा गर्भ पडला की टॉर्च पॅनेल लिहून दिलं जातं, त्यात टॉक्सो आयजीजी पॉझिटिव्ह निघतं आणि त्या बाईला ‘तुला इन्फेक्शन आहे म्हणून मूल राहत नाही’ असं सांगून महिनोन्महिने गोळ्या दिल्या जातात, सासरी बोलणी बसतात ती वेगळीच. जुनी टॉक्सो लागण वारंवार गर्भपाताचं कारण ठरत नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने तर वारंवार गर्भपातासाठी टॉर्च तपासणी बंदच करावी असं २०११ मध्ये स्पष्ट लिहिलं. तुमच्या ओळखीत कुणी या चक्रात अडकली असेल तर तिला सांगा की खरं कारण शोधायला दुसरं मत घे, थायरॉईड, गर्भाशयाची रचना, एपीएलए (रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीज), गुणसूत्रं यांच्या तपासण्या आधी झाल्यात का ते विचार.

पायरी २: एचआयव्ही नसेल तर

बहुतेकांना काहीच होत नाही. थोड्या जणांना मानेला गाठी येतात, सहसा न दुखणाऱ्या, सोबत बारीक ताप, अंगदुखी, थकवा, आणि हे काही आठवड्यांत आपोआप जातं, गाठी कधी जास्त रेंगाळतात. औषध लागत नाही. पण आपल्याकडे मानेच्या गाठी म्हटलं की टीबी आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) हे दोन आधी वगळावे लागतात, म्हणून चार आठवडे झाले तरी गाठ तशीच असेल किंवा वाढतेय, वजन उतरतंय, रात्री घाम येतोय, तर टॉक्सोचा रिपोर्ट दाखवून गप्प बसू नका, गाठीची सुई तपासणी करून घ्या.

डोळ्याचं मात्र वेगळं. धडधाकट माणसाच्याही डोळ्याच्या पडद्यावर हा जंतू जखम करू शकतो. डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा जाळं तरंगणं, एका डोळ्याने धुरकट दिसणं, दुखणं, उजेड सहन न होणं, असं झालं तर चष्म्याच्या दुकानात न जाता रेटिना बघणाऱ्या डॉक्टरांकडे, त्याच आठवड्यात. उपचाराने आग शमते पण व्रण राहतो आणि त्याच्या कडेला परत जखम होऊ शकते, त्यामुळे एकदा झालेल्याने पुढे जन्मभर डोळ्यातल्या नव्या तक्रारीला हलकं घ्यायचं नाही. नुसत्या स्टेरॉईडच्या गोळ्या, जंतूविरोधी औषधाशिवाय, यात घातक ठरतात.

आणि एचआयव्ही नसला तरी प्रतिकारशक्ती कमी असणारे लोक असतात. किडनी, हृदय, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले, केमो चाललेले, जास्त डोसचं स्टेरॉईड बराच काळ घेणारे. यांनी स्वतःला ‘एचआयव्ही नाही ना’ म्हणून सुरक्षित समजू नये, पायरी ४ आणि ५ त्यांनाही लागू आहेत. प्रत्यारोपणाआधी टॉक्सो आयजीजी झालीय का हे टीमला विचाराच.

पायरी ३: गरोदर असाल तर

गरोदर राहण्याच्या बऱ्याच आधी लागण झालेली असेल आणि प्रतिकारशक्ती ठीक असेल तर बाळाला सहसा धोका नसतो. धोका असतो गरोदरपणात नव्याने झालेल्या लागणीचा. सुरुवातीच्या महिन्यांत झाली तर बाळापर्यंत पोचायची शक्यता कमी पण पोचली तर इजा मोठी, डोक्यात पाणी साठणं, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याचा पडदा खराब. शेवटच्या तीन महिन्यांत पोचायची शक्यता बरीच जास्त, पण जन्मताना बाळ बहुधा ठीक दिसतं आणि डोळ्याचा त्रास नंतर कधीतरी वर येतो. म्हणून अशा बाळाची डोळे तपासणी पुढे अनेक वर्षं चालू ठेवायची.

ताजी लागण पक्की झाली तर स्पायरामायसिन देतात, साधारण १८ आठवड्यांनंतर गर्भजलाची पीसीआर तपासणी करता येते, आणि बाळाला लागण झाल्याचं दिसलं तर औषधं बदलतात. पायरीमेथामिन पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. हे सगळं फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळावर उपचार करणाऱ्या) डॉक्टरांच्या हातात असू द्या, आणि एका आयजीएमवरून गर्भ पाडायचा निर्णय कुणी घाईने घ्यायला लावला तर ॲव्हिडिटी आणि दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय होकार देऊ नका.

फ्रान्समध्ये १९७८ पासून प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी होते, आपल्याकडे तशी सक्ती नाही. गरोदर बाईला एचआयव्ही असेल आणि सीडी४ खूप खाली असेल तर जुनी लागणही जागी होऊन बाळापर्यंत जाऊ शकते, हे क्वचित होतं, पण एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) न चुकवण्याचं हे आणखी एक कारण.

पायरी ४: एचआयव्ही असेल तर सीडी४ पाठ हवा

इथे थोडा वेळ थांबून वाचा. एचआयव्ही आहे म्हणजे टॉक्सो होणारच असं अजिबात नाही. एआरटी नियमित, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दबलेला, सीडी४ ४००-५०० च्या वर, तर तुमची गत बाकीच्यांसारखीच. धोका सुरू होतो सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर, १०० च्या खाली तो खरा वाढतो आणि ५० च्या खाली सगळ्यात जास्त. यात बहुतेक वेळा बाहेरून नवीन काही येत नाही, आत झोपलेला जुना जंतूच उठतो, आणि बहुतेक करून मेंदूत.

म्हणून एचआयव्ही कळल्यावर टॉक्सो आयजीजी एकदा करून घेता आली तर चांगलं. सरकारी सेंटरमध्ये सगळीकडे ती होत नाही, नाही झाली तर अडत नाही, कारण बचावाची गोळी सीडी४ बघूनच सुरू करतात. ती गोळी म्हणजे कोट्रायमोक्साझोल, ज्याला लोक सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम म्हणतात. मोठ्या माणसाला डबल स्ट्रेंग्थ, म्हणजे ९६० मिलिग्रॅमची एक गोळी, रोज. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) नियमांनुसार सीडी४ ३५० च्या खाली असेल किंवा एचआयव्हीचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असेल तर ती देतात, एआरटी सेंटरवर फुकट. एकाच गोळीत टॉक्सो, पीसीपी नावाचा न्यूमोनिया आणि बरेच जुलाबाचे, छातीचे जंतू आटोक्यात राहतात. इतकी स्वस्त आणि इतकी कामाची दुसरी गोळी मला माहीत नाही, आणि लोक नेमकी हीच सोडतात.

मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, भरपूर पाणी प्या. अंगावर पुरळ आलं तर स्वतः बंद करून घरी बसू नका, सेंटरला दाखवा, साधी खाज असेल तर डॉक्टर वाट काढतात, हळूहळू डोस वाढवून सवय लावतात किंवा डॅप्सोनसारखं दुसरं काही देतात (डॅप्सोन एकट्याने टॉक्सोला पुरत नाही, आणि त्याआधी जी६पीडी या एन्झाइमची तपासणी लागते). पण पुरळासोबत ताप, तोंड-डोळे-लघवीच्या जागी फोड, कातडी सोलवटणं असं काही असेल तर गोळी थांबवा आणि लगेच इस्पितळात.

ही गोळी कधी बंद करायची ते तुम्ही ठरवायचं नाही. सीडी४ ३५० च्या वर, सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा, आणि तब्येत स्थिर, असं झाल्यावर सेंटरच थांबवतं.

पायरी ५: ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

सीडी४ कमी असलेल्या माणसात हे हळूहळू, काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत वाढत जातं. डोकं दुखतं आणि साध्या गोळीने राहत नाही. ताप असतो किंवा नसतोही. एका बाजूचा हात जड होतो, हातातला कप निसटतो, चालताना पाय ओढला जातो, बोलणं अडखळतं. किंवा माणूस विचित्र वागायला लागतो, ओळखीच्या रस्त्यावर चुकतो, दिवसभर झोपून राहतो. आणि फिट, म्हणजे आकडी. आधी कधी फिट न आलेल्या मोठ्या माणसाला पहिली फिट आली तर ती ‘अशक्तपणाने चक्कर’ नाही.

घरच्यांसाठी सांगतो, वागण्यातला बदल सगळ्यात आधी तुम्हालाच दिसतो आणि त्यालाच लोक टेन्शन, दारू, बाहेरचं काहीतरी असं समजून आठवडे घालवतात. तो वेळ फार मोलाचा असतो. फिट चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका, किती मिनिटं चालली ते बघा आणि १०८ ला फोन करा.

इस्पितळात जाताना एआरटीचं पुस्तक, शेवटचा सीडी४, व्हायरल लोड, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि आधी टीबी झाला होता का याची माहिती न्या. एचआयव्ही लपवू नका, डॉक्टरला ते माहीत नसेल तर तपासण्या चुकीच्या दिशेने जातात. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याखाली गुन्ह्यासारखाच भेदभाव आहे, हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. अडचण आली तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाईन फुकट आहे.

पायरी ६: इस्पितळात काय होतं, काय विचारायचं

कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय सगळ्यात चांगला, नसेल तर सीटी. टॉक्सोमध्ये सहसा एकापेक्षा जास्त, कडेने कड्यासारख्या चमकणाऱ्या गाठी दिसतात, भोवती सूज. पण आपल्या देशात अशाच गाठी टीबीच्याही असतात, फितकृमीच्याही असतात, आणि एकच मोठी गाठ असेल तर लिम्फोमाही डोक्यात ठेवावा लागतो. परदेशातल्या पुस्तकात ‘सीडी४ कमी, कड्यासारखी गाठ, म्हणजे टॉक्सो’ असं सरळ गणित असतं, इथे टीबी बाजूला ठेवून चालत नाही. छातीचा एक्सरे, पोटाची सोनोग्राफी, थुंकी, रक्तातलं क्रिप्टोकोकल अँटीजेन (क्रिप्टोकोकस या बुरशीची खूण) हे सोबत झालं पाहिजे. टॉक्सो आयजीजी निगेटिव्ह आली तर टॉक्सोची शक्यता बरीच कमी होते, पण शून्य होत नाही.

मेंदूतल्या गाठीचा तुकडा काढणं सोपं नसतं, म्हणून डॉक्टर बहुतेकदा टॉक्सोचे उपचार सुरू करून बघतात. पुस्तकातला पहिला उपचार पायरीमेथामिन, सल्फाडायझिन आणि फॉलिनिक ॲसिड. आपल्याकडे सल्फाडायझिन मिळायला अडचण पडते, त्यामुळे कोट्रायमोक्साझोलच वजनानुसार मोठ्या डोसमध्ये देतात आणि ते चांगलं काम करतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन. पायरीमेथामिन चालू असेल तर रक्तपेशी कमी होतात, त्यासाठी फॉलिनिक ॲसिड लागतं, साधं फॉलिक ॲसिड चालत नाही, केमिस्टने बदलून दिलं नाही ना हे पाकिटावर तपासा.

टॉक्सो असेल तर बहुतेकांमध्ये १४ दिवसांच्या आत फरक दिसतो, हाताची ताकद परत येते, माणूस नीट बोलायला लागतो. दोन-तीन आठवड्यांनी परत स्कॅन. सुधारणा नाही किंवा बिघडतंय तर निदान परत तपासायचं, तेव्हा बायोप्सीचा विषय निघतो आणि तो टाळू नये. स्टेरॉईड सूज फार असेल, मेंदूवर दाब येत असेल तरच, कारण स्टेरॉईडने लिम्फोमाही तात्पुरता आटतो आणि औषधाचा गुण आला असा गैरसमज होतो. स्टेरॉईड कशासाठी आणि किती दिवस, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पूर्ण डोसचे उपचार किमान सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात माणूस चालायला लागला म्हणून घरी जाऊन गोळ्या सोडल्या की आजार उलटतो, आणि उलटलेला जास्त जड जातो.

पायरी ७: घरी आल्यावर

एआरटी चालू नसेल तर टॉक्सोचं औषध सोसतंय हे बघून साधारण दोन-तीन आठवड्यांत सुरू करतात, फार पुढे ढकलायची नाही. मात्र मेंदूज्वर टीबीचा किंवा क्रिप्टोकोकसचा असेल तर जास्त थांबतात, म्हणून निदान नीट होणं इतकं महत्त्वाचं.

फिटच्या गोळीकडे लक्ष द्या. कार्बामाझेपिन, फेनिटॉईन, फेनोबार्बिटोन ही जुनी औषधं डोल्युटेग्राविरचा रक्तातला जोर कमी करतात, आणि आपल्या सरकारी एआरटीतली मुख्य टीएलडी गोळी डोल्युटेग्राविरवरच उभी आहे. लेव्हेटिरासेटामचा असा त्रास नाही. न्यूरोवाल्यांनी काय लिहिलंय ते एआरटी सेंटरला दाखवायचं, दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलतील असं गृहीत धरू नका, कागद तुम्हीच न्या. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तरी तेच, डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं.

सहा आठवड्यांनंतर डोस कमी करून रोजची गोळी चालू राहते, सीडी४ टिकून वर येईपर्यंत. हाताची-पायाची कमजोरी राहिली असेल तर फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून. फिट आलेल्या माणसाने डॉक्टरांनी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही, विहिरीवर, नदीवर एकट्याने जायचं नाही.

पायरी ८: स्वयंपाकघर, मांजर, माती, पाणी

मटण आतपर्यंत शिजवा. साधारण ६७ अंशांच्या वर गेलं की पुटकुळ्या मरतात, आपला कुकरमधला रस्सा त्याच्या कितीतरी वर जातो, त्यामुळे घरच्या मटणाला घाबरू नका. घोळ होतो तो कच्च्या खिम्याचं मीठ चाखून बघण्यात, आत गुलाबी राहिलेल्या कबाबात, आणि मटणाच्या सुरीने-पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरण्यात. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापत नाही, त्याच्यावर भरवसा नको. बकरीचं दूध उकळूनच.

मांजर घरातून काढायचं नाही. कुरवाळल्याने सहसा लागण होत नाही. विष्ठेचा ट्रे रोजच्या रोज साफ करा, कारण जंतू तयार व्हायला किमान एक दिवस लागतो, आणि हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं, दुसरं कुणी नसेल तर हातमोजे आणि नंतर साबण. मांजराला कच्चं मटण देऊ नका, सीडी४ कमी असताना किंवा गरोदरपणात नवीन पिल्लू आणू नका.

बागेत, शेतात, कुंडीत काम करताना हातमोजे, नंतर नखं घासून हात धुवायचे. कोथिंबीर, मुळा, गाजर, पालेभाजी वाहत्या पाण्याखाली. मुलांच्या खेळायच्या वाळूचा ढीग झाकून ठेवा, मांजरांना तीच जागा आवडते.

पाण्याबद्दल लोक बोलत नाहीत. २००४-०५ मध्ये कोईमतूरमध्ये डोळ्याच्या टॉक्सोची मोठी साथ आली आणि तपास शहराच्या पाणीपुरवठ्याकडे वळला, कॅनडात व्हिक्टोरिया शहरात १९९५ मध्येही धरणाच्या पाण्याकडेच बोट गेलं होतं. क्लोरीनने हे कण मरत नाहीत, म्हणून क्लोरीनच्या थेंबांवर विसंबून राहू नका. सीडी४ २०० च्या खाली असेपर्यंत आणि गरोदरपणात पाणी खळखळ उकळून, झाकून, गार करून प्या, आणि गावाला किंवा वारीला जाताना उकळलेल्या पाण्याची बाटली आणि कोट्रायमोक्साझोलची जास्तीची पट्टी सोबत घ्या.